खळं

मे महिना, धुळं.
बाहेर चव्वेचाळीस, इनक्युबेटरमध्ये सदतीस.
जंतूंना आपल्यापेक्षा गारव्याला ठेवलंय, मॅडम,
असं शकील पिंजारी रोज म्हणतो
आणि मी रोज हसते, कारण तो नवीन आहे.

साडेनऊला प्लेटा बाहेर निघतात.
ताकाच्या निवळीसारखं आगर,
त्यावर रात्रीतून दाटलेली साय,
सायीवर सहा चकत्या,
प्रत्येकीवर औषधाचं नाव दोनतीन अक्षरांत.
जिथवर औषध पोचलं आणि जंतू वाढले नाहीत
तिथवर स्वच्छ गोल.
पुस्तकात त्याला झोन म्हणतात.
मी खळं म्हणते.

कापडण्याची आत्या धाब्यावर उताणी पडून चंद्र वाचायची.
खळं जोडे, ते पानी दूर.
खळं दूर, ते पानी जोडे.
तिच्याकडे पट्टी नव्हती,
चंद्रासमोर आडवी बोटं धरायची
आणि दिवस सांगायची.
चुकायचीही.

माझ्याकडे पट्टी आहे.
प्लेट पालथी, खाली काळं कापड, श्वास रोखून:
चोवीस. एकवीस. सव्वीस.
हा शिंदखेड्याचा मुलगा. पानी जोडे.

मग ठुमलीबाई पावरा, धडगावहून आलेली,
लघवीचा नमुना, वॉर्ड सात.
पाच चकत्यांना साय थेट चिकटलेली,
जसं उंबऱ्याला अंगण.
खळंच नाही.
यावर आत्या काहीच बोलून गेली नव्हती.

शकीलनं रकान्यात शून्य लिहिलं.
मी खोडलं. शून्य नाही लिहायचं, बाबा,
सहा लिही.
सहा मिलिमीटर ही चकतीची स्वतःची रुंदी.
औषध आलं होतं, एवढीच ती नोंद.
सहा सहा सहा
सहा सहा
आणि शेवटच्या चकतीला चौदा.
चौदा म्हणजे ना हो ना नाही,
डॉक्टर कासार चष्मा काढून बघतात तो आकडा.

वॉर्डात फोन लावला.
ती? सिस्टर म्हणाली, तिला काल रात्री नेली घरी.
अंगठा देऊन.
मागे टीव्ही चालू होता.

तरी ओळ भरायची.
दर पाच तारखेला तक्ता पुण्याला जातो, तिथून वर.
त्यात नावाला रकाना नाही.
चाळीस, स्त्री, लघवी, वॉर्ड सात,
सहा सहा सहा सहा सहा चौदा.

ही ओळ मी आधी वाचली आहे.
मार्चमध्ये, कोंबडीच्या दुकानातला लाकडी ठोकळा
पुसून आणलेल्या बोळ्यात.
त्याआधी पांझरेच्या पुलाखालून भरलेल्या बाटलीत,
तिथे तर कोणी आजारीही नव्हतं,
नुसतं पाणी होतं, म्हशी होत्या.
शाळेतल्या मैत्रिणीचं अक्षर ओळखावं
तशी ओळखते मी ही ओळ.
पत्र कुणाचं, कुणाला, माहीत नाही.
पोचतंय मात्र.

आत्याच्या फडताळात चार गोळ्या उरलेली पट्टी
रबर लावून ठेवलेली.
आखो ताप उना ते कामे ई.
मी काही बोलले नाही त्या दिवशी.
चहा घेतला, निघाले.

सोमवारी फ्रीजमधून जुना जंतू काढायचा.
तो कुठल्या वॉर्डातला नाही,
कंपनीतून कुपीत आलेला, नंबरानं ओळखायचा.
इतकी वर्षं जगवलेला,
आणि अजून एकाही औषधाशी त्याची ओळख नाही.
चकत्या टाकल्या की मुकाट मरतो,
जेवढं मरायला हवं तेवढंच.
त्याच्यावरून आम्ही आमची पट्टी, आमचं आगर,
आमचे डोळे तपासतो.
लाइट गेली की आधी त्याच्या फ्रीजला जनरेटर,
मग पंख्याला.

मंगळवार. साडेनऊ.
शकील, मोज.
एकतीस, मॅडम.
परत मोज.
तो परत वाकतो, पट्टी सरळ करतो.
त्याला वाटतं मला शंका आहे.

मला नुसतं बघायचं असतं.