रद्द मानकांची गाडी

फ्रायबेर्गच्या ग्रंथालयात माझा तिसरा आठवडा,
एडेलट्राउटबाईंचा शेवटून तिसरा.
मी शिकून आलेले मध्ययुगीन कविता.
असू दे, त्या म्हणाल्या,
या गावात सगळंच जुन्या खाणीतून वर आलंय.
मग टेबलावरची एक पेपरक्लिप हातात दिली:
वाकव.
वाकवली. आता उलट. पुन्हा.
तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती हट्टाला पेटली,
नंतर एकाएकी तुटली,
आणि तुटलं टोक बोटाला कोमट लागलं.
झालं तुझं मटेरियल सायन्स, त्या म्हणाल्या.
बाकी ही सगळी कपाटं म्हणजे तळटिपा.

तळघरातून फिरवताना पुस्तकांची नावं सांगितली नाहीत,
माणसं कुठली कळ घेऊन येतात ते सांगितलं.
हे वितळतं कधी, असं विचारत येईल
त्याला आलेखांच्या कपाटाशी ने,
तिथे दोन-दोन धातूंचे संसार मांडलेत,
किती अंशांवर एकजीव, कुठे वेगळी चूल.
हे आधी कुणी केलंय का, म्हणेल
त्याला पेटंटं दे. वकिलाची भाषा,
खाली कारागिराचा हात.
आणि मजबूत म्हणजे किती, असं विचारणाऱ्याला
उत्तर देऊ नकोस, उलट विचार:
ओढायला, दाबायला,
की रोज थोडं थोडं सोसायला?

मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्याला
इथे ठिसूळ म्हणतात.
ती स्तुती नव्हे.

आकडा कधी एकटा घराबाहेर पाठवायचा नाही.
कुठल्या तुकड्याचा, किती तापवला, तेलात निववला की पाण्यात,
मोजणारा कोण. एवढा गोतावळा बरोबर नसेल
तर तो आकडा नाही, अफवा आहे.

मी वहीत लिहीत होते.
दुपारी मला सोपं काम मिळालं:
जुन्या राजवटीतली मानकं, पानापानावर 'रद्द'चा शिक्का,
एकेकावर लाल चिकटपट्टी लावून
रद्दीच्या गाडीत रचायची.
कुणी उघडली नव्हती वीस वर्षांत.
मी भराभर लावत गेले.

जानेवारीत गेरो टेट्झलाफ आला,
बुटांचा बर्फ दाराशी न झटकताच.
वर डोंगरात खुर्च्यांचा पाळणा चालवतो.
मोठ्या चाकाच्या आसाला चीर, केसाएवढी,
तपासनिसाने पाळणा थांबवलाय,
खाली पोरं स्लेज धरून उभी.
नवा आस घडवायचा तर पोलाद कुठलं?
एकाहत्तर सालच्या नकाशावर नुसता एक क्रमांक,
आज कुठल्याही यादीत नसलेला.

एडेलट्राउटबाई माझ्याकडे बघत राहिल्या.
रागावल्या नाहीत. तेच जड गेलं.

गाडी अजून मागच्या दारापाशी होती,
कागदवाला गुरुवारी येणार, आज बुधवार.
मी गुडघ्यांवर बसून उपसत गेले,
चौथ्या थरात तो क्रमांक सापडला:
कार्बन किती, क्रोमियम किती, पाणी कसं द्यायचं,
आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने,
'कोपरा गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यातूनच चीर निघते.'
सही नाही.

गेरोने ते पान मोठ्याने वाचलं,
मग समासातली ओळ पुन्हा एकदा, हळू.
त्याचा आस तिथेच चिरला होता.

देश रद्द झाला, बाई म्हणाल्या,
पोलादाला कुणी कळवलंच नाही.
ते आपलं वर फिरतंच होतं.

त्या गेल्या. पुष्पगुच्छ घरी नेला,
क्लिपांची डबी माझ्या खणात ठेवली.
मी अजून लाल पट्ट्या सोलतेय,
केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, हळूहळू.
काही सहज निघतात,
काही कागद घेऊनच येतात,
बोटांना डिंक राहतो, साबणाला दाद न देणारा.
हा डिंक कुठल्या कपाटात आहे
ते मला अजून सापडलेलं नाही.