टॅब क्रमांक एकशे सतरा

शाळेने टॅब दिला तेव्हा तीन कागदांवर सह्या घेतल्या.
काच फुटली तर पालक जबाबदार.
चार्जर हरवला तर पालक जबाबदार.
तिसरा कागद बारीक अक्षरांचा होता,
तो मी वाचला नाही. मागे रांग होती.
हेमांगीने टॅब ओढणीत गुंडाळला.
कोपरखैरण्याच्या वळणावर रिक्षा उसळली
तेव्हा तिने मला नाही, त्याला धरलं.

घरचे नियम आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले:
जेवताना नाही. दार लावून नाही.
रात्री दहानंतर टॅब मिक्सरच्या शेजारी, चार्जिंगला.
अनोळखी माणसाला नाव, शाळा, सेक्टर सांगायचा नाही,
तो कितीही गोड बोलू दे.
शेवटचा नियम तिने स्वतः घातला:
कॅमेऱ्यावर टिकली.
तिची आई पेणला निघून जाताना
आरशामागे जे पाकीट विसरली, त्यातली.
मरून रंगाची, मधल्या आकाराची.
मी काही बोललो नाही.

मी तुर्भ्याला शीतगृहात असतो. रात्रपाळी.
दर तासाला तापमान वहीत लिहायचं,
सफरचंद एक, बटाटा तीन.
आकडा हलला की कॉम्प्रेसरकडे धावायचं.
आकड्यावर डोळा ठेवला की माल सडत नाही.
एवढं मला येतं.

पावणेदोनला मोबाइल वाजला.
शाळेचा साप्ताहिक अहवाल, पहिलाच.
एकूण वापर नऊ तास चाळीस मिनिटं.
गणित. भूगोल. चित्रकलेचं काहीतरी.
अडवलेले शोध: तीन.

पोटात खड्डा पडला.
डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं ते सांगत नाही.
बटाट्याच्या पोत्यावर बसून उघडलं.

पहिले दोन इंग्रजीत, स्पेलिंग चुकलेलं.
तिसरा मराठीत: पोट दुखतं आणि रक्त
आणि त्याच्याखाली, न अडवलेल्यांत, एकच ओळ:
बाबांना कसं सांगायचं

वार मंगळवार.
मंगळवारी मी विचारलं होतं, डबा का नाही खाल्लास?
ती म्हणाली, भाजी खारट होती.
मी उरलेली भाजी चाखून बघितली.
खारट नव्हती.
तेवढ्यावर विषय संपवला होता मी.

गाळणी लावणाऱ्याला दोष देत नाही.
गाळणीला काय कळतं,
चहाची पत्ती कुठली अन् वेलची कुठली.

दोनचा आकडा वहीत लिहायचा राहून गेला.

सकाळी स्टेशनसमोरच्या मेडिकलमध्ये पोरगं जांभया देत होतं.
साइज? त्याने विचारलं.
सहावी, मी म्हणालो.
त्याने माझ्याकडे नीट बघितलं,
आणि मग न हसता दोन पाकिटं काढून दिली.

घरी ती उठायची होती.
मिक्सरशेजारी टॅब, शंभर टक्के भरलेला.
टिकली जराशी सरकलेली.
अंगठ्याने दाबून बसवली.

चहा ठेवला. ती येऊन ओट्याला टेकली.
म्हणालो, हेमा, शाळा मला कळवते.
तू काय काय शोधतेस, ते.
तिसऱ्या कागदात लिहिलेलं असणार, मी वाचला नव्हता.
तुला आधी सांगायला हवं होतं.

ती भिंतीवरच्या नियमांकडे बघत राहिली.
सगळं?
सगळं.
पिशवी तिच्याकडे सरकवली. तिने उघडली नाही,
नुसती जवळ ओढली, पोटाशी.
पुढच्या वेळी आपण दोघं बसून वाचू, म्हणालो,
आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना,
म्हणून पेणचा नंबर लावला.
आठ महिन्यांनी.
पलीकडून हॅलो आलं
तसा फोन तिच्या हातात दिला,
चपला न घालताच बाहेर पडलो
आणि दार मीच ओढून लावून घेतलं.

जिन्यात बसलो.
खालच्या मजल्यावर कुणीतरी पाण्याचा पंप लावला.
गॅसवर चहा तसाच होता.
उतू गेला असणार.