पाठीतला दोरा

ऑगस्टच्या शेवटाचं कातडं हवं, नाउजाक म्हणते.
त्याआधीच्या पाठीवर माश्यांच्या अळ्यांची भोकं,
नंतरचा केस इतका दाट
की माणूस आत मावतो, पण वाकत नाही.

यंदा आली ती तीनच.
विमानानं, दक्षिणेकडच्या मेव्हण्यानं धाडलेली,
पाठीच्या मांसासकट, कडक गोठलेली,
खोक्यावर छापलेलं: केळी.

आमच्याकडे कॅरिबू मोजायला हेलिकॉप्टर आलं होतं.
मोजून गेलं. मग कागद आला:
अख्ख्या वस्तीला बारा. माद्या सोडून.
चिठ्ठ्या टाकल्या. पुतुगुकची निघाली नाही.

नाउजाक कागद वाचत नाही, कातडं वाचते.
बोटं उलट्या केसांतून फिरवत:
हा लांडग्याचा दात, जुना, भरून आलेला.
ही गोळी. कुणीतरी घाई केली.

पाठीवरची पांढरी पट्टी तिनं सोलली,
खिडकीच्या काचेला चिकटवली वाळायला.
तीन दिवस समुद्र
तेवढ्या जागेत पिवळा दिसला.

आता ती दातात धरून तिचे तंतू काढते.
डावीकडचे दात गेलेत,
उजवीकडचे झिजून सपाट.
मी दुकानात दात साफ करायचा दोरा विकते,
पुदिन्याच्या वासाचा;
निम्म्या वस्तीचे कोट त्यानंच शिवलेत.
टिकतो, मी म्हटलं.
टिकतो, ती म्हणाली, पण फुगत नाही.

हा फुगतो.
ओल लागली की सुईचं भोक आपणच बुजवतो.
जनावर कधीच खाऊन झालेलं,
दोऱ्याला मात्र अजून पाणी कळतं.

समुद्र गोठायच्या आत शिवण उरकायची.
बर्फावर मुक्काम हलला की
कॅरिबूच्या कातड्याला सुई लावायची नाही.
आता मुक्काम हलत नाही,
तळघरात तेलाची भट्टी घुरघुरते,
तरी ती रोज सकाळी खाडीकडे बघते
आणि टाके भरभर घालते.

पुतुगुक हात पसरून उभा. ती वितीनं मोजते.
खांद्यापाशी इतकं सैल कशाला?
हात आत ओढून घेता यायला हवेत,
छातीशी. कधी रात्र बाहेर काढावी लागली तर.

कुठली रात्र, तो म्हणाला नाही.
चिठ्ठीचं कुणीच काढलं नाही.

परवा संपला.
आतला केस अंगाला, बाहेरचा वाऱ्याला,
घालून तो दारात गेला, पायऱ्या उतरला.
वस्तीतली सगळी कुत्री एकदम गप्प झाली,
नाकं वर करून,
आणि मग साखळ्या तुटतील अशी भुंकली.