मंडूरची मानस

रात्री एक वाजून दहा मिनिटं.
सर्व्हिस पडली असती तर कळलं असतं.
ती पडत नाही.
हिरव्या अक्षरांत 'चालू' म्हणून बसून राहते,
सरकारी कचेरीत खुर्चीवर टांगलेल्या कोटासारखी.

शेतकरी संघाच्या खोलीत, खताच्या गोणींशेजारी
एक डबा आहे, माझ्या शब्दावर चालणारा.
मानशीच्या खांबावरून पाण्याची उंची घ्यायची,
लिहून ठेवायची,
खुणेवर गेली तर इनासला फोन.
एवढंच. दीडशे ओळींचं मॉड्यूल.

या लिनक्सला आज्ञार्थ कळत नाही.
'हे कर, मग ते कर' इथे चालत नाही.
इथे 'आहे' म्हणायचं.
सर्व्हिस आहे. तिचा युजर आहे.
तिचं फोल्डर आहे आणि ते तिच्याच मालकीचं आहे.
सगळं वर्तमानकाळात लिहून द्यायचं,
मग मशीन हळूहळू आपल्या वाक्यासारखी होत जाते.
(व्याकरणात मला बेचाळीस होते.)

मी लॉग उलगडते. एकही चूक नाही.
दर मिनिटाला आकडा लिहिलाय, ती म्हणते.
फोल्डर म्हणतं, माझ्याकडे काही नाही.
दोघंही खरं बोलतायत
हे कळायला मला दोन कप चहा लागतो.

डिस्क उशिरा जोडली गेली.
सर्व्हिस आधी उठली, रिकामं फोल्डर दिसलं,
वही उघडून लिहायला बसली.
मग त्याच जागी, तिच्या डोक्यावरून
डिस्क येऊन पसरली.
ती खाली लिहितेच आहे,
इमानेइतबारे, कुणालाही न दिसणारं.
आणि मी तिला आळशी म्हणत होते.

डिस्कसाठी थांबायची ओळ होती पूर्वी.
शाणू वेर्लेकरनं लिहिलेली.
वर त्याचीच टीप:
'ही काढू नये. का ते आता आठवत नाही.'
शाणू स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
दोन वर्षं उत्तर नाही.
गेल्या शनिवारी साफसफाई करताना
ओळ मी काढली. टीपही.
हसले होते, आठवतंय.

मागच्या पिढीवर परतता येतं, ही इथली सोय.
सत्तेचाळिसावी पिढी, जशीच्या तशी जपलेली.
निवडली, आणि डबा शनिवारआधीचा झाला.
पाणी मात्र आजचंच होतं,
आणि खुणेच्या वर.

स्कूटर काढली.
बांधावर बॅटरीचा उजेड आधीच हलत होता.
इनास गुडघाभर चिखलात,
फळ्यांच्या फटीत माती दाबत.
मी म्हटलं, फोन गेला नाही, चूक माझी.
तो म्हणाला, "फोन कित्याक? आज उमास न्हय?"

झडप आपली आपण मिटली होती.
भरती ढकलते तेव्हा मिटते, ओहोटी ओढते तेव्हा उघडते,
तिला कुणी सांगत नाही.
सांगत नाही म्हणजे एकदाच सांगून ठेवलंय,
बिजागरीत, लाकडाच्या उतारात.
खालची एक फळी तिरकी बसवलेली दिसली.
ही अशी का?
"बापायन घाल्ली."
काढून बघितलीस कधी?
त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

पहाटे घरी येऊन ओळ परत लिहिली.
चाचणी लिहिली:
एक खोटी मशीन जन्मते, तिची डिस्क मुद्दाम उशीर करते,
सर्व्हिस थांबते, थांबते, मग उठते,
आणि चाळीस सेकंदांत सगळं विझून जातं.
तीनदा चालवली. तिसऱ्यांदा उगाच.

टीपेत कारण घातलं, तारीख, उमास.
सांभाळणाऱ्यांच्या यादीतून शाणूचं नाव
नियमाप्रमाणे काढायला हवं.
कर्सर त्याच्या 'र'पाशी बराच वेळ लुकलुकत होता.
खाली माझं नाव घातलं.

पायांवरचा चिखल वाळून
टाइल्सवर पडत होता.