हातचा

मंगळवारी संध्याकाळी सहाला
मी शेडमधला हीटर लावतो.
पूर्वी इथं मक्याचं बियाणं असायचं. अजूनही
जाळीला चेंडू लागला की कोपऱ्यातून पिवळी धूळ उठते.
बाहेर नेब्रास्काचा जानेवारी,
कापणीनंतरची धाटं बर्फातून डोकी काढून उभी.

टोबायस झेलेनी, वय तेरा.
बाप प्रोपेनचा ट्रक चालवतो,
तासाचे चाळीस डॉलर मोजतो
आणि बाहेरच बसून राहतो, इंजिन चालू ठेवून.
पहिल्या दिवशी त्यानं एकच विचारलं:
वेग किती वाढेल?
मी म्हटलं, वेग मोजायचं यंत्र मी विकून टाकलं.
खरं तर ते फडताळात आहे,
बॅटरी काढलेलं.

उजव्या खिशात मक्याचे तीस दाणे.
एक चेंडू, एक दाणा डब्यात.
खिसा रिकामा झाला की थांबायचं,
शेवटचा कितीही देखणा पडलेला असो.
त्याआधी टॉवेल. चेंडूच्या जागी नुसता टॉवेल फेकायचा
आणि फटकारा ऐकायचा:
तो पुढे वाजला पाहिजे, कानाशी नाही.
आधी टाच, मग कंबर, मग खांदा.
हात सगळ्यात शेवटी, आणि बोलावल्यावरच.
मग तांदळाच्या बादलीत मनगटापर्यंत मूठ,
उघड, मिट, उघड, मिट.
'हे बेसबॉल आहे?'
हेच, म्हणतो मी.

माझ्या कोपराला एकोणिसाव्या वर्षी गूळ लावला होता
वहीत काहीबाही लिहिणाऱ्या टोपीवाल्यांनी.
चाटायला मिळेल म्हणून वळवत राहिलो.
एका शनिवारी एकशे बेचाळीस चेंडू,
आणि आत काहीतरी सुटलं,
ओली दोरी तुटावी तसं, हळू.
आता हा हात सरळ होत नाही.
वरच्या फळीवरची कॉफी लोरीन काढून देते.

फेब्रुवारीत एकदा टोबायस आला.
कोट काढताना डावा हात आधी सुटला,
उजवा मागून, जपून,
जणू बाहीत कुणी झोपलंय.
'रविवारी फेकलंस?'
'नाही.'
'किती?'
बराच वेळ हीटरच बोलत होता.
'ऐंशी. बाबांनी मोजले.'

चेंडूंची बादली मी फडताळात ठेवली,
चाळीस डॉलर घेऊन ट्रकपाशी गेलो.
काच चार बोटं खाली आली.
तो म्हणाला, पोरात दम आहे,
तुम्हीच हातचं राखून शिकवताय.
हो, म्हटलं. त्याचेच पैसे घेतो मी.
काच वर गेली.

तीन मंगळवार मी हीटर लावला.
तीन मंगळवार दाणे खिशात खुळखुळत घरी नेले.
लोरीनला धुण्याच्या यंत्रात दोन सापडले,
फुगलेले, कोंब फुटायच्या बेतात.

चौथ्या मंगळवारी ट्रक आला
आणि इंजिन बंद झालं.
बाप ओल्या बुटांनी आत आला,
रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसला,
काही विचारलं नाही.
पोरानं टॉवेल फटकारला. पुढे वाजला.
मग चेंडू. एक, दोन, सात.
बाराव्यानंतर तो थांबला,
खांद्याकडे मान कलती करून,
शेजारच्या खोलीतलं कुणी बोलतंय का ऐकावं तशी.
'बास,' म्हणाला.
'दुखतंय?'
'नाही. पुढचा दुखला असता.'

खिशात अठरा दाणे उरले होते.
ते मी तिथंच राहू दिले.
बाप म्हणाला, 'पण तास अजून संपला नाही.'
मी तांदळाची बादली त्याच्यापुढे सरकवली.
तो थोडा वेळ बघत राहिला,
मग त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला.