पहिली चूक वर असते

एल आल्तोत हवा विरळ.
पंखा दुप्पट फिरतो तरी प्रोसेसर तापलेलाच,
विमानतळावरून थेट चढ चढू पाहणाऱ्या पाहुण्यासारखा.
यंत्राखाली दोन विटा सरकवल्यात,
खिडकी बोटभर उघडी.
बाहेर उणे सहा. आत कर्नल शिजतोय.

होर्तेन्सिया बाईंच्या शाळेतली ही सहा यंत्रं
इतकी जुनी, की त्यांच्यासाठी तयार असं
आता कुणीच काही बांधत नाही.
म्हणून मुळापासून.
आधी कंपायलर,
मग त्या कंपायलरनं पुन्हा कंपायलर
(जात्यानं जातं टाकावं तसं)
आणि मग बाकीचं सगळं दळण.

पहिल्या रात्री अकराव्या मिनिटाला अडलं.
लिम्बरनं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली: एरर दोन.
सतरा वर्षांचा आहे.
शेवटच्या ओळीवर त्याचा फार विश्वास.
म्हटलं, ते नुसतं रडणं आहे रे,
पडला कुठे ते वर बघ.

त्याची आजी उद्याबद्दल बोलताना
अंगठा खांद्यावरून मागे नेते.
आयमारात झालेलं ते डोळ्यांपुढे,
होणारं पाठीशी, कारण ते कुणी पाहिलंय?
लिम्बरला मात्र स्पॅनिशच येतं.
त्याच्या बोटावर बोट ठेवून मी चाक फिरवलं,
वर, अजून वर,
चार हजार ओळी मागे. म्हणजे पुढे.
तिथे एक साधीच गोष्ट होती:
एक हेडर फाइल सापडत नव्हती.
खालच्या तीनशे तक्रारी तिच्याच पोटच्या.

दुसऱ्या रात्री मी आईकडे खाली
गरम आपी प्यायला गेले, तेवढ्यात
यानं आठ कामं एकदम लावली.
मेमरी दोन जीबी. आठ तोंडं, एक वाटी चुन्यो.
सिस्टिमनं सगळ्यात जाडजूड काम निवडून मारलं
आणि एका शब्दात कळवलं, किल्ड.
लिम्बर मला शोधत जिना उतरला, अनवाणी.

तिसऱ्या रात्री काही कळेचना.
एकदा नेटवर्कात कोसळलं,
एकदा आवाजाच्या ड्रायव्हरात,
एकदा अशा फाइलीत, जिला दहा वर्षांत
कुणी हात लावला नसेल.
मी शिव्या घातल्या. कुठल्या कुठल्या देशांतल्या,
न पाहिलेल्या, फुकट राबणाऱ्या माणसांना.
मग वहीत जागा लिहायला घेतल्या.
तीन. चार. पाच.
एकही दुसऱ्यांदा नाही.

रोज एकाच दगडाला ठेच लागली तर दगड उचलावा.
रोज नवा दगड सापडत असेल
तर पाय दाखवावा कुणाला तरी.

झाकण काढलं. मेमरीच्या दोन पट्ट्या.
पिवळे दात खोडरबरानं घासले,
एकेक लावून रात्रभर तपासली.
एकीवर पडदा लाल झाला.
सबिनोनं बसवलेली होती ती,
साव पावलोच्या शिवणकामाला जायच्या आदल्या दिवशी.
नवीकोरी आहे, म्हणाला होता.
मी विचारलं नव्हतं कुठून आणली.

खोक्यात ठेवली. टाकायची म्हणून नाही,
ठेवायची म्हणूनही नाही.

आता एक जीबी, एका वेळी एक काम.
पहाटे चारला रोपवेच्या तारा गोठून उभ्या
आणि इयिमानी अजून अंधारात.
मी खुर्चीतच पेंगले होते.
लिम्बरनं हलवलं: थांबलं.
कुठे?
बघतोय, म्हणाला.
त्याचं बोट चाकावर होतं
आणि ओळी वर धावत होत्या,
मी काही सांगायच्या आधीच.

ही नवी आहे, तो म्हणाला,
ही आपण आधी पाहिली नाही.
मी आपीचा पेला त्याच्याकडे सरकवला.
गार झाला होता, तरी प्यायला.