आर्गिरोच्या किल्ल्या

बस वळणावर सोडून गेली,
ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून दाखवलं: तिकडे.
तिकडे म्हणजे दगडी बांध, काटेरी झुडपं,
ऊन, आणि उन्हात उभं एक गाढव
ज्याला माझ्या येण्याचं काहीच नव्हतं.

या मुलखाला बेटावरचे लोक 'पलीकडची बाजू' म्हणतात.
कशाच्या पलीकडची, ते बंदरातही कुणी सांगेना.
मध्ये डोंगर आहे, एवढंच.

किल्ली आर्गिरोकडे असते
आणि आर्गिरो दात काढायला बंदरावर गेलेली.
तिचा दीर स्तामातिस पायरीवर लसणाची वेणी घालत होता.
बस, म्हणाला. बसले.
दोन हजार वर्षं ताटकळलेल्या खांबांना
आणखी दोन तास जड नव्हते, मला होते.
त्याने एक अंजीर दिलं. मग दुसरं.
मग बोलायला काही उरलं नाही म्हणून तिसरं.

ती आली, गालाला रुमाल बांधून.
सुतळीत तीन किल्ल्या:
एक संत मरीनाच्या चर्चची,
एक पुरातत्त्व खात्याच्या फाटकाची,
एक कोंबड्यांच्या खुराड्याची.
आधी खुराडं उघडलं.

चर्च एवढंसं. चुन्याचे इतके हात बसलेले
की कोपरे झिजल्या साबणासारखे गोल.
आत गार अंधार, मेणाचा वास,
आणि वेदी ज्याच्यावर टेकलीय
तो खांब उलटा.
कुणी ओढत आणला असेल शेजारच्या पडक्या देवळातून,
बैल थकले असतील, दिवस कलला असेल,
मग कोण म्हणणार, पुन्हा फिरवा?
असू दे, म्हणाले असतील, देव समजून घेईल.
कुठला, ते कुणी विचारलं नसेल.

चित्राखाली दोरीला चांदीचे पत्रे:
एक पाय, दोन डोळे, एक स्तन, तान्हं बाळ,
एक गाय,
एक मोटरबोट.
फेडलेले नवस.
आर्गिरोने दिव्यात तेल घातलं,
एक पाय पदराने पुसावा तसा रुमालाच्या टोकाने पुसला.
माझा, म्हणाली. शहाण्णव सालचा.
शेजारी एक खिळा रिकामा होता.
आणि हा?
अजून व्हायचंय, म्हणाली, आणि दिव्याची वात उगाच नीट केली.

फाटकाची तार केव्हाच आडवी झालीय,
शेळ्या येतात जातात.
तरी तिने कुलूप उघडलं, मला आत घेतलं, कुलूप लावलं.
खात्याचा माणूस कधी उगवेल, नेम नाही.

आत सहा जोती, एक बुजलेला चर, कमरेइतकी बडीशेप.
लहानपणी इथेच तिने मातीच्या पाट्या वाहिल्या,
बाप रोजावर खणायला.
खालून निघाले भाजल्या मातीचे पाय.
कान. डोळे. बोटं. ओचे भरभरून.
बापाला वाटलं, कुणा कुंभाराचं दुकान गाडलं गेलं.
आई भाकर घेऊन आली, वाकून बघितलं,
म्हणाली, अहो, नवस आहेत.
मग सगळे पेट्यांत भरून राजधानीला गेले
आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे
त्या हिवाळ्यात फार दुखले, असं तिचं म्हणणं.

उंबऱ्याच्या दगडावर अक्षरं आहेत.
तिने एकेक मोठ्याने वाचलं, जुळवून शब्द होईना.
लिपी आमचीच गं, म्हणाली, बोलणं कुणाचं कोण जाणे.
माझ्याकडच्या माहितीपत्रकात होतं:
देणगीदारांची यादी असावी.
सांगितलं तशी गाल दाबून हसली.
म्हणजे पैसे देणाऱ्यांची नावं तेव्हाही दारातच!

निघताना दोन अंडी दिली, अजून कोमट.
पिशवीत भरवसा नव्हता, टोपीत घेतली,
टोपी मांडीवर.
बस तीच, ड्रायव्हर तोच.
वर चढताना त्याने टोपीत डोकावून पाहिलं,
काही बोलला नाही,
पण डोंगरावरची सगळी वळणं
त्या संध्याकाळी फार हळू घेतली.